लोकरीच्या दोऱ्यातले कागद

१

"माजी तानू तुमच्या औशदानं मेली का माज्या हातानं, येवढंच सांगा. मग मी जाती."

आण्याच्या पठारावरून दोन दिवस चालत आलेली ती बाई आमच्या दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. तुकाबाई, मेंढरंवाल्या यमाजीची बायको. तिची पाच वर्षांची तानू पौषात गेली, ते आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं होतं. तेव्हा हे काय म्हणाले होते तेही मला पाठ होतं. "महिन्याच्या पुड्या एकदम दिल्या असणार. लवकर गुण यावा म्हणून. अडाणी माणसं."

१९०९ सालचा माघ होता. हे प्लेगची टोचणी करायला नारायणगावकडे गेलेले, दुसऱ्या दिवशी परतायचे. तोवर तिला काय सांगावं, मला कळेना.

यांनी चैत्रापासून दोन मुलांवर एक नवं औषध सुरू केलं होतं. दोघींचा आजार एकच. गळ्यात थायरॉइड नावाची गाठ असते, ती जन्मापासून काम करत नव्हती. अशा मुलाची वाढ खुंटते, अंग सुजट, जीभ बाहेर, चालणं नाही, बोलणं नाही. विलायतेत मेंढीच्या त्याच गाठीची भुकटी देऊन अशी मुलं उभी राहिली होती. आपल्याकडे कुणी महिन्यामहिन्याला उंची, वजन, नाडी लिहून ठेवून हे पाहिलेलं यांच्या ऐकिवात नव्हतं. ते आपण करायचं, असं यांनी मनात घेतलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी आणखी एक गाठ असते, पुढे तिच्याकडेही वळायचं, असं म्हणायचे. एक मुलगी तानू. दुसरी आमची भागू, अडीच वर्षांची.

भागूचं नाव मात्र कुठेही लिहिलेलं नव्हतं. ब्राह्मणाच्या घरातल्या मुलीच्या पोटात मेंढीची गाठ जाते हे गावाला कळलं असतं, तर आमच्या घरी कुणी पाण्याला शिवलं नसतं. म्हणून यांच्या निबंधात ती नुसती 'रोगी क्रमांक दोन' होती, आणि विचारणाऱ्याला औषध म्हणजे 'विलायती भुकटी'. तुकाबाईलाही तेच सांगितलेलं. खरं जाणणारी माणसं चार. हे, मी, कंपौंडर सावळेराम, आणि गाठ पुरवणारे पीरमहंमद खाटीक.

मी पुण्याला कॉलेजात दोन वर्षं काढली, त्याचा उपयोग एवढाच उरला होता की यांचे इंग्रजी निबंध मी सुवाच्य लिहून देई. मुंबईला जायच्या निबंधात कालच मी लिहिलं होतं, 'क्रमांक एकचा मृत्यू, आईच्या चुकीने.' अक्षर चांगलं आलं होतं.

"पुड्या रोज एकच देत होतात ना?" मी विचारलं.

तुकाबाईनं ओच्यातून एक माळ काढली. पांढऱ्या लोकरीच्या दोऱ्यात ओवलेले पुड्यांचे कागद, शेकड्यांनी. मधूनमधून काळ्या लोकरीचा पुंजका.

"रोज एक. कागूद टाकला न्हाई, औशदाचा कागूद पायाखाली येऊ ने म्हनून. दर अवसंला काळा पुंजका घातला. मला इसाच्या पुढं मोजता येत न्हाई बाई, तुमी मोजा. धनी मेंढरं घिऊन कोकनात हाय. त्यानं निरोप धाडला, पोरगी मारलीस, आता बिऱ्हाडात पाय ठिवू नगंस. आता मी कुटं जाऊ, ते मागनं बघू. आदी हे सांगा."

भागू माझ्या कडेवर होती. हल्ली ती फार गुणी झाली होती. रडणं नाही, हट्ट नाही, ठेवलं तिथे बसून राही, दुपारची तर उठवावी लागे. श्रावणात आजोळहून आलेले चांदीचे वाळे तेव्हा घोट्याभोवती सरसर फिरत. आता घट्ट बसले होते. बाळसं धरलंय म्हणून मी तिची दृष्टही काढली होती.

मी मोजायला बसले. नऊ पुंजके, प्रत्येकाआधी महिन्याभराचे कागद, पुढे सुटे अठरा. एकही दिवस चुकलेला नव्हता, एकही जास्त नव्हता. माळ उन्हात धरली आणि माझं बोट सहाव्या पुंजक्यावर थांबलं. तिथपर्यंतच्या प्रत्येक कागदाच्या घडीत तपकिरीच्या रंगाचा डाग होता. त्यानंतरच्या एकाही कागदावर तो नव्हता. होता तो फिकट, तेलकट डाग, पलीकडचं बोट दिसेल असा.

मी तशीच आत धावले. भागूच्या आज सकाळच्या पुडीचा कागद फडताळात होता. उजेडात धरला.

तोही तेलकट होता.

२

उद्या सकाळी भागूला पुडी द्यायची की नाही? त्या घटकेपासून मला दुसरं काही सुचेना. पुडीत विष असेल तर द्यायची नाही. पण पुडी बरोबर असेल आणि मी थांबवली, तरीही मीच तिला मारणार.

तुकाबाईला मी ओसरीवर भाकरी वाढली. ती जेवेना, नुसती तुकडे करत राहिली.

"तानू जायच्या आधी कशी होती? आठवेल ते सगळं सांगा."

"आखाडात चालाय लागली व्हती. मेंढरामागं जायाची हुर्र हुर्र करत. माज्यावानीच कमरंवर हात ठिवून. समदी हसायची." ती थांबली. "मग दसऱ्याच्या म्होरं बसूनच राहाय लागली. मी म्हनलं, चालून दमली आसंल."

"घाम यायचा? छाती धडधडायची? वाळली होती?"

"घाम कुटला! हात लावावा तर दगडावानी गार. वाळली न्हाई, फुगली. आवाज घोगरा झाला. जीभ पुना भाईर आली. दोन घोंगड्या टाकल्या तरी ऊब धरंना. शेवटी छातीत कफ भरला."

मला यांच्या नोंदी पाठ होत्या, सगळ्या मीच तर लिहिल्या होत्या. औषध जास्त झालं की नाडी पळते, घाम सुटतो, मूल वाळतं, झोप उडते. तुकाबाई सांगत होती ते नेमकं उलटं. तिनं जास्त दिलं असतं तर तानू तापून गेली असती. तानू गारठून गेली. म्हणजे तिला औषध मिळतच नव्हतं. पुडी रोज, औषध नाही.

"आन बाई, लई गुनी झाली व्हती शेवटाला," तुकाबाई म्हणाली. "रडायची न्हाई. म्या म्हनायची, किती शानी लेक माजी."

माझ्या मांडीवर भागू झोपली होती. भर अकरा वाजता. मी तिच्या तळपायाला हात लावला.

तो गार होता.

३

सहावा पुंजका भाद्रपदाच्या अमावास्येचा. त्या अमावास्येला नेलेल्या पुड्या आश्विनासाठी, म्हणजे त्यांची भुकटी झाली भाद्रपदात. गाठी आणायच्या, स्लेटवर वाळवायच्या, खलायच्या, पुड्या बांधायच्या. हे सगळं श्रावणापासून सावळेराम एकटा करत होता, कारण यांच्यामागे प्लेगचं काम लागलं होतं. दर महिन्याची मापंही तेव्हापासून राहून गेली होती. त्याआधी हे प्रत्येक गाठ स्वतः हातात घेऊन पाहत.

सावळेराम पिंपरी पेंढारचा, वीस वर्षं औषधं घोटलेला माणूस. मी त्याच्यासमोर भागूची उद्याची पुडी ठेवली.

"यात काय आहे सावळेराम?"

"काय म्हंजी? डागतरसाहेबांची भुकटी."

"नुसती तीच?"

त्याचा चेहरा उतरला, मग एकदम तापला. "म्हंजी मी जोंधळ्याचं पीठ मिसळलं व्हय? बाईसाहेब, ज्या पोरीला मी घोडा घोडा करून आंगणात फिरवतो, तिच्या पुडीत पीठ? त्यापरीस खलबत्त्यात माजा हात कुटा की!"

मी उठले. कपाटातून आयोडिनाची बाटली काढली. कॉलेजात मास्तरांनी एकदा दाखवलं होतं, ते डोक्यात राहिलेलं. एका बशीत चिमूटभर जोंधळ्याचं पीठ घेतलं, दुसरीत पुडीतली भुकटी, दोन्हींवर दोन दोन थेंब पाणी आणि एक एक थेंब आयोडिन. पीठ पाहतापाहता काळंनिळं झालं. भुकटी होती तशीच राहिली, नुसती पिवळट.

"पीठ नाही," मी म्हटलं. "माझं चुकलं, सावळेराम."

त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं.

"पण भाद्रपदात काहीतरी बदललं. भुकटीचा रंगच बदलला. तुम्हाला दिसला नाही?"

"दिसला की. आदीची काळपट व्हायची, आता गोरी हुती. मला वाटलं, माल सुदारला." तो बाटलीला बूच लावत राहिला. बूच लागलेलं होतं तरी. "डागतरसाहेबांनी सांगितल्यालं, मेंढराच्या गळ्यातली गाठ. पीरमहंमदभाई गळ्यातलीच देत्यात. मी डोळ्यानं बगतो."

"मग बदललं काय?"

"काय न्हाई." त्याची नजर माझ्यावरून भिंतीवर गेली. "तुमास्नी तरास नगं म्हनून मी पुडकं घिऊन म्होरल्या दारानं यायाचं बंद केलं, येवढंच."

"सावळेराम, तुम्ही कुणाला तरी वाचवताय."

"पीरमहंमदभाईला इचारा," तो म्हणाला. मग हळूच, "न्हाई तर नका इचारू, बाईसाहेब. ऱ्हाऊ द्या."

४

खाटकाच्या दुकानावर मी जन्मात कधी गेले नव्हते. सावळेराम पुढे, मी डोक्यावरून पदर घट्ट धरून मागे. भागूला तुकाबाईपाशी ठेवलं होतं. दुसरं कुणी नव्हतंच, आणि तिनंच हात पुढे केले.

पीरमहंमद पांढऱ्या दाढीचे, वाळक्या अंगाचे. मला पाहून त्यांनी घाईघाईनं हात धुतले. त्यांच्या बायकोनं, सायराबानूनं, चौकटीत पाट आणून टाकला आणि पाट स्वच्छ असल्याचं दोनदा सांगितलं.

"बाईसाब, आपण कशाला आल्या? सावळ्या, तुला अक्कल नाय? निरोप धाडायचा."

"चाचा, भागूच्या औषधाची गाठ मला पाहायची आहे. कशी असते ती."

"आपण बघणार?" सायराबानू हसली. "आमचं म्हातारं मागं एकदा मला दाखवत व्हतं, जशी काय सोन्याची. दावा आता, गिऱ्हाईक मिळालं."

त्यांनी केळीच्या पानावर एक फिकट, मऊ गोळा आणून ठेवला. लोण्यासारखा, कुठे रक्ताचा थेंब नाही.

"ही. कोवळ्या कोकराच्या गळ्यातली. एकदम साफ. आमच्यात ही गाठ पावण्याच्या ताटात वाढतात. सावळ्या येणार त्या दिवशी मी मुद्दाम कोकरू बघतो. दुसऱ्या कुणाला देत नाय."

"सुरुवातीपासून हीच देता?"

"नाय नाय. आधी ती काळी द्यायचो. डॉक्टरसाबनं बोट ठेवून दाखवली ती." त्यांनी टांगलेल्या मेंढीच्या गळ्याशी सुरी नेली आणि श्वासनळीला दोन्ही बाजूंनी चिकटलेले, खारकेएवढे, काळपट लाल दोन तुकडे काढून पानावर ठेवले. पानावरून रक्ताचा ओघळ निघाला. मी मान वळवली नाही. मान वळवायची वेळ निघून गेली होती.

"मग बदलली का?"

"आपला हुकूम आला ना."

"कुणाचा?"

"आपला, बाईसाब." त्यांचा चेहरा निर्मळ होता, थोडा कौतुकाचासुद्धा. "गौरी बसल्या त्या दिवशी. सावळ्या बोलला, बाईसाब रागावल्यात. काळं, रक्ताचं नको, साफ आणि गोरं असंल तेच पाठवा. मी म्हटलं, बरोबर है. लहान लेकरू खाणार, बामणाचं घर. मग मी माझ्याकडची सगळ्यात चांगली चीज काढली."

सावळेराम जमिनीकडे पाहत होता.

मला ते ऊन आठवलं. गौरी आणायची घाई, दारापासून देवघरापर्यंत मी हळदीकुंकवाची पावलं काढलेली. सावळेराम पानात बांधलेलं पुडकं घेऊन पुढल्या दारानं आला, आणि एका पावलावर रक्ताचा थेंब पडला. मी ओरडले होते. नेमकं काय ओरडले तेही आठवलं. पीरमहंमदांनी एक शब्दही बदलला नव्हता.

मी एकदाही पान उघडून पाहिलं नव्हतं. घरातलं दूध मी दोनदा गाळून घेई, भागूचं दुपटं स्वतः उकळी. सगळ्यांवर नजर ठेवणारी मी, त्या एका पुडक्याकडे बघायची मला किळस आली होती.

"काय चुकलं का, बाईसाब?" पीरमहंमद विचारत होते.

"तुमचं नाही," मी म्हटलं. "ती काळी बांधून द्या."

सावळेरामनं हात पुढे केला. मी म्हटलं, माझ्याकडे द्या.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी हे आले. मी सगळं सांगितलं, दोन्ही गाठी दोन बशांत पुढे ठेवल्या. यांनी जाड इंग्रजी पुस्तक काढलं, एक चित्र पाहिलं, पानं उलटून दुसरं पाहिलं.

"थायमस," फिकट गाठीवर बोट ठेवून हे म्हणाले. "लहान जनावरात मोठी असते, वाढत्या वयात विरून जाते. या आजाराला तिचा काही उपयोग नाही." मग बराच वेळ पुस्तक उघडंच होतं. "मी महिन्यातून एकदा तरी बाटली उघडून बघायला हवी होती. टोचणीच्या नादात..."

"भागू?"

"आजपासून काळी. पण चार महिने गेले. या वयातले चार महिने..." यांनी पुस्तक मिटलं.

मग म्हणाले, "निबंधातलं वाक्य काढून टाक. 'कारण अज्ञात' लिही. तुकाबाईला सांगू, तिची चूक नव्हती. बास."

"मग कुणाची, म्हणून ती विचारेल."

"सगळं सांगितलंस तर औषध काय होतं ते सांगावं लागेल. भागूचं सांगावं लागेल. गाव आपल्याला जगू देणार नाही. आणि त्यानं तिचं मूल परत येणार आहे?"

"मूल नाही यायचं. पण स्वतःच्या हाताकडे तिला बघता येईल. ती दोन दिवस चालत तेवढ्यासाठीच आलीय."

दौत यांनीच माझ्याकडे सरकवली.

पत्र मी मराठीत लिहिलं, यमाजीच्या नावानं, कुठल्याही गावच्या मास्तरानं वाचून दाखवावं असं. पायरीवर येऊन तुकाबाईच्या हातात दिलं. तिनं ते उलटंसुलटं करून परत माझ्याकडे धरलं.

"वाचून दावा. मोठ्यानं वाचा, मला कमी ऐकू येतं."

तिला चांगलं ऐकू येत होतं. पायरीवर चारपाच रोगी होते. आमच्याकडे पाणी भरणारी कोंडाबाई घागर घेऊन उभी होती. रस्त्यानं माणसं जात होती. मी वाचलं.

"यमाजीस कळावे. तानूच्या आईनं एक दिवस चुकवला नाही, एक पुडी जास्त दिली नाही. तिच्या पुडीतलं औषध म्हणजे मेंढीच्या गळ्यातली काळी गाठ. ती रक्ताची म्हणून मी भाद्रपदात नको म्हटली, आणि स्वच्छ पांढरी मागवली. कुणी कपट केलं नाही, मी मागितलं तेच मला मिळालं. त्यानंतर पुडीत औषध नव्हतं. तानू त्यानं गेली. चूक माझी. माझी मुलगी भागू हिलाही हेच औषध आहे, आणि पुढेही राहील."

कोंडाबाईनं घागर उचलली, ओसरीवर न चढता तशीच वळली. ती पुन्हा आमच्या दारात आली नाही.

तुकाबाई हलली नाही. मला वाटलं, ती ओरडेल. ओरडायला हवं होतं.

"मेंढराच्या गळ्यातली?" ती म्हणाली. "नळीला चिकाटल्याली, दोहीकडं दोन?"

"हो."

"आन दिली ती कोकराची, गोरी. ती जिरती की वो. मेंढरू थोरलं झालं का ऱ्हात न्हाई ती. काळी मरस्तवर ऱ्हाती. आमच्यातलं शेंबडं पोर सांगंल." तिनं माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदा सरळ. "मला का न्हाई सांगितलं बाई? इलायती, इलायती म्हनलात. आमच्या बिऱ्हाडात दीडशे मेंढरं हाईत. तानूच्या उशाशी बांधल्याली असायची. एकदा सांगितलं असतं तर मी माज्या हातानं..."

दीडशे मेंढरांच्या गळ्यात तिच्या लेकीचं औषध होतं, आणि आमच्या अब्रूसाठी आम्ही ते तिच्यापासून लपवलं होतं. अख्ख्या जुन्नर तालुक्यात ती चूक पहिल्या पुडक्यालाच ओळखणारी एकच बाई होती, आणि ती ही.

मी तिच्या पायाशी वाकले. तिनं पाय मागे घेतले.

"तसलं नगं."

तिनं पत्राची घडी घातली, कमरेला खोचली. कागदांची माळ उचलली, मनगटाला गुंडाळली. उठली, दोन पायऱ्या उतरली आणि परत वर आली. भागू ओसरीवर बसली होती, ठेवली तिथेच. तुकाबाई तिच्यासमोर उकिडवी बसली, तिचा पाय हातात घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला, मेंढराचा खूर पाहावा तसा.

"थोरल्या मेंढीची मागा. मी सोमाजीला सांगती, माजा भाऊ हाय, बेल्ह्याच्या बाजाराला येतो, तो आनून दील." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "वाळं काडा हिचं. रुतल्यात."

मी ओढले, निघेनात. तिनं ओसरीवरच्या समईतलं तेल बोटावर घेतलं, घोट्याभोवती हळूहळू चोळलं, आणि एकेक वाळा फिरवत, थांबत, फिरवत काढला. भागू रडली नाही.

वाळ्यांखाली दोन्ही पायांवर खोल वळ होते, जुने, निळे पडलेले. रोज सकाळी त्या पायांना मीच तेल लावत होते.